त्यांना सांग

२ फेब्रुवारी, सोमवार

उद्या एक परकी पोरगी माझ्या घरात राहायला येणार आहे, आणि ही बातमी मला कुणी दिली — तर वरच्या मजल्यावरच्या शेजारणीने! जिन्यात गाठून म्हणाली, "बरं झालं हं, घरात जरा बोलाचाली होईल." मी विचारलं, कसली बोलाचाली? तिचं तोंड एवढंसं झालं. तिला वाटलं, मला माहीत असेल. माझ्या घरातली गोष्ट मला माहीत असेल, असं कुणालाही वाटणारच.

भाषेच्या शाळेत दर वर्षी परदेशातून पोरं येतात, आपली भाषा शिकायला. शाळेत राहत नाहीत. एकेक जण एकेका कुटुंबात राहतो, म्हणजे म्हणे भाषा अंगात मुरते. यंदा एका घराने आयत्या वेळी अंग काढून घेतलं. आणि आमची स्वारी त्या शाळेची बस चालवते. दिलं असणार ठोकून — आमच्याकडे पाठवा, आमची एक खोली रिकामीच आहे.

रिकामी म्हणे. लेकीची खोली आहे ती.

मला विचारलं नाही म्हणून तरी किती संतापायचं? विचारणार कसा? आम्ही बोलत नाही. गेल्या वर्षी लेक नोकरीसाठी परदेशी निघाली, तेव्हा हा माणूस दारात उभा राहून तिला म्हणाला, "जायचं तर जा. मग या घरी फोन करायचा नाही." ती गेली. तो तिच्याशी अजून एक अक्षर बोललेला नाही. मी त्याच संध्याकाळी त्याला सांगून टाकलं — ज्या दिवशी लेकीशी बोलाल, त्या दिवशी माझ्याशी बोला, तोवर नाही. मला वाटलं होतं, आठवड्याभरात वठणीवर येईल. वर्ष झालं. तो हटत नाही आणि मी तर हटणारच नाही.

लेक मला दुकानातल्या फोनवर फोन करते. दुकान म्हणजे घराची पुढची खोली. मशीन, इस्त्रीचं टेबल, आरसा, आणि लोकांचे उसवलेले, घट्ट झालेले, लांब पडलेले कपडे. परवा म्हणाली, "आई, तू इकडेच ये. कायमची." परवा मी विषय बदलला. आज मीच फोन लावला आणि हो म्हणाले. ही पोरगी मार्चच्या मध्याला जाणार. तोवर थांबेन, शाळेला शब्द गेलाय म्हणून. ती गेली की मीही निघणार. माळ्यावरची बॅग आजच खाली काढली.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आली. केस असे पिंजारलेले की माझ्या डोक्यात झिपरी हेच नाव बसलं. खरं नाव तिने सांगितलं, ते मला उच्चारता येत नाही आणि मला शिकायचंही नाही. कोटाची चेन तुटलेली, तिथे सेफ्टी पिना लावलेल्या. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घरात येताना! दारात उभी राहून पाठ केलेलं वाक्य म्हणाली, "आपल्या कुटुंबात मला स्थान दिल्याबद्दल मी आपली अत्यंत ऋणी आहे." मी म्हटलं, "पाय पूस."

मग मला आई म्हणाली. शाळेत तसं शिकवतात. मी सांगितलं, मी तुझी आई नाही, काकू म्हण. तो मात्र खुशाल बाबा म्हणवून घेतोय! ज्या पोरीने त्याला बाबा म्हणायचं तिला फोनची बंदी, आणि ही आली उपरी, हिचे बाबा.

तिघे जेवायला बसलो. नुसता चमच्यांचा आवाज. ती एकदा माझ्याकडे बघते, एकदा त्याच्याकडे. जेवताना घरच्यांचं बोलणं नीट ऐका, असं शाळेने बजावलंय. ऐकणार काय, कपाळ! बटाट्यांत मीठ कमी होतं. ते मला कळत होतं, आणि तो चकार शब्द न काढता गिळत होता, त्याचाच मला जास्त राग आला. मी झिपरीला म्हटलं, "त्यांना सांग, मीठ हवं असेल तर समोर आहे."

ती खुर्चीतून उठून उभी राहिली. त्याच्याकडे वळली. "बाबा, मीठ हवं असेल तर समोर आहे."

तो म्हणाला, "तिला सांग, मला डोळे आहेत."

ती माझ्याकडे वळली. "काकू, त्यांना डोळे आहेत."

चेहरा असा फुलला होता पोरीचा! पहिल्याच दिवशी बोललेलं समजलं, पोचवलं, वर उलट उत्तरही आलं. मला तिच्या त्या आनंदाचाही राग आला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सोय आहे, हे कबूल करते. इतके दिवस मी भिंतीशी बोलायचे — गॅस संपत आलाय बरं का — आणि तो रेडिओला उत्तर द्यायचा. फारच अडलं तर वरची शेजारीण. आता झिपरी. आज सकाळी ती तोंडात ब्रश घेऊन उभी होती आणि आम्ही दोन बाजूंनी.

"त्यांना सांग, नळ गळतोय."

"तिला सांग, वॉशर आणलाय."

"त्यांना सांग, वॉशर खिशात ठेवून नळ बंद होत नाही."

"तिला सांग, मला बस काढायचीय."

झिपरी फेस गिळून गिळून एकेक वाक्य पोचवत होती. एकही शब्द गाळत नाही. नळ अजून गळतोय.

संध्याकाळचा चहा तो करतो. लग्न झाल्यापासून. अबोला झाला तरी हे सोडलं नाही. फक्त पूर्वी आतून हाक यायची, चहा झालाय गं, ती बंद झाली आणि कपावर चमचा वाजायला लागला, घंटा वाजवावी तसा. आज चमचा वाजला नाही. झिपरी दुकानाच्या दारात येऊन म्हणाली, "काकू, ते सांगतात, चहा झालाय." मी हातातली पँट आखूड होईपर्यंत उठले नाही. गार झाल्यावर प्यायले. रोज तसाच पिते.

९ फेब्रुवारी, सोमवार

माझा खडू सापडेना. मापाची खूण करायला हाताशी खडू नसला की माझं डोकं फिरतं. शेवटी लेकीच्या खोलीत सापडला. झिपरीने त्या खडूने आरशावर शब्द लिहिलेले — उशी, कपाट, खिडकी, काकू. सगळं पुसायला लावलं. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. येऊ दे. त्या आरशात माझी लेक केस विंचरायची.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पोरगी फाजील हुशार आहे. आता नुसते शब्द पोचवत नाही, सगळं पोचवते. मी म्हटलं, "त्यांना सांग, मोजे खाटेखाली ठेवायला आपलं घर म्हणजे बस नव्हे." ती स्वयंपाकघरात गेली. मी पडद्याआडून बघत होते. कमरेवर हात. हनुवटी वर. आधी नाकातून एक उसासा सोडला, मग वाक्य, आणि शेवटी मान झटकली.

मी अशी बोलते?

तो खाली मान घालून ऐकत होता. मग गुडघे टेकून मोजे काढले. ती परत आली ती त्याच्यासारखी — खांदे पाडून, मान खाजवत. "तिला सांग, काढले." हुबेहूब. मला हसू आलं असतं, पण मी आतला गाल चावून धरला.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

शेजारीण म्हणते, घर भरल्यासारखं वाटतं हो. हिचं काय जातंय!

१७ फेब्रुवारी, मंगळवार

झिपरीकरवी निरोप आला. "काकू, ते सांगतात, पाहुणीच्या कोटाची चेन तुटलीय." पाहुणी म्हणजे ती स्वतःच, पण निरोप तो निरोप.

मी म्हटलं, "त्यांना सांग, दुकान सहाला बंद होतं."

तिने नेऊन सांगितलं. उत्तर घेऊन आली, "ते सांगतात, पिन टोचते तिला." आणि मानेखालचा लाल ओरखडा स्वतःच बोट लावून दाखवला. याला पोरीच्या मानेवरचा ओरखडा दिसतो. बायकोच्या डोळ्यांखालचं काळं वर्षभर दिसलं नाही.

चेन बसवली नाही. माझ्या हातात पुष्कळ काम आहे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

शाळेच्या बाई आल्या. हिरवी फाईल, मोठा चष्मा. घर कसं आहे ते बघायला येतात. मी आणि तो शेजारी शेजारी बसलो, मध्ये झिपरी. बाई तर झिपरीवर खूश! "किती सहज बोलते. बाकीची मुलं अजून वाक्यं जुळवतायत आणि ही बघा, टोमणेसुद्धा मारते. तुमच्या घरात खूप गप्पा होतात वाटतं?"

"हो," मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला.

एकदम. एकाच श्वासात. गेल्या वर्षभरात आम्हा दोघांचं एकमत झालं ते या एका थापेवर.

बाई गेल्यावर मी इस्त्री इतकी तापवली की एका गिऱ्हाइकाच्या शर्टाची कॉलर करपली. नशीब माझं. आता त्या गिऱ्हाइकाला तोंड दाखवायचंय.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज जे झालं ते पेन दाबून लिहितेय. रागाने.

मी काज करत होते. झिपरी आली, खांदे पाडून, मान खाजवत. म्हणजे त्याचा निरोप. पण बराच वेळ बोलेना. मी म्हटलं, काय ते बोल. तर म्हणाली, "काकू, ते विचारतात, आपल्या लेकीला तिकडे असं घर मिळालं का? कुणी जेवायला वाढणारं?"

काज वाकडं झालं.

वर्षभर लेकीचं नाव नाही या घरात. तिचा फोटो कपाटावरून उचलून खणात टाकला यानेच. दुकानातला फोन वाजला की हा उठून अंगणात जातो. आणि आज हा प्रश्न, तोही या झिपरीच्या तोंडून! तिला तरी काय कळतंय आपण काय उचलून आणलंय ते.

मी म्हटलं, "त्यांना सांग, फोनला हात लावला तर बोट झिजत नाही. लेकीला स्वतः विचारा."

ती गेली. मी कान देऊन ऐकत होते. माझ्याच आवाजात, माझ्याच उसाशासकट तिने ते नेऊन आपटलं. परत येईना म्हणून मी हाक मारून विचारलं, काय म्हणाले? तर म्हणाली, "काही नाही दिलं." मग म्हणाली, "नळ दुरुस्त करतात."

मला एकदा वाटलं, सांगावं की लेकीने पहिले तीन महिने पावावर काढले. सांगावं आणि जेवण जाऊ नये त्याला. नाही सांगितलं.

२५ फेब्रुवारी, बुधवार

नळ गळायचा थांबला.

३ मार्च, मंगळवार

झिपरी बटणांचा डबा घेऊन बसली होती. मी नको म्हटलं तरी बसते. रंगाप्रमाणे बटणं लावते आणि प्रश्न विचारून जीव खाते. आज विचारते, "काकू, मी गेल्यावर कोण?"

"कोण म्हणजे काय?"

"तुमचं त्यांना कोण सांगणार? त्यांचं तुम्हाला?"

मी म्हटलं, "कुणी नाही."

ती गंभीर झाली. "मग वर शेजारच्या काकू-काकांकडे कोण आहे? मला तिकडे कुणी दिसत नाही."

मला वाटलं, चेष्टा करतेय. तोंडाकडे पाहिलं तर नव्हती करत. मी बटणांचा डबा झाकला आणि तिला अभ्यासाला हाकललं. नीट चौकशी काही केली नाही. का करायची? दहा दिवसांनी कोण कुठे आणि कोण कुठे.

११ मार्च, बुधवार

परवा शाळेत कार्यक्रम आहे. सगळी पोरं स्टेजवर आपापल्या घराबद्दल बोलणार, सगळ्या घरांनी यायचं. झिपरी त्या पिनांच्या कोटात स्टेजवर जाणार आणि शंभर माणसं विचारणार, ही कुणाकडे होती? शिवणाऱ्या बाईकडे! लोकांसमोर माझी शोभा नको म्हणून चेन बसवली. फक्त म्हणूनच. अस्तरही फाटलं होतं, तेही घातलं. घातलंय तर नीटच घातलं, आतून निळं.

तिने कोट अंगावर चढवला आणि चेन वर-खाली, वर-खाली करत राहिली. मला मिठी मारायला आली. मी म्हटलं, हातात सुई आहे.

१३ मार्च, शुक्रवार

धरणी पोटात घेईल तर बरं, असं आयुष्यात आज पहिल्यांदा वाटलं.

शाळेचं सभागृह गच्च भरलेलं. मी पुढून तिसऱ्या रांगेत, शेजारीण हौसेने माझ्याबरोबर आली होती. तो बसच्या किल्ल्या हातात घेऊन मागे दाराशी उभा. पोरं एकेक करून येत होती. माझ्या घरी एक कुत्रा आहे, मला कुत्रा आवडतो, धन्यवाद. टाळ्या. मग झिपरी. निळ्या अस्तराचा कोट, केस तसेच. कागद नाही हातात. घडाघडा बोलायला लागली आणि लोक सरसावून बसले. मला — खोटं कशाला लिहू — क्षणभर अभिमान वाटला.

ती म्हणाली, "या देशात नवरा-बायको एकमेकांचा फार मान ठेवतात. म्हणून ते एकमेकांच्या अंगावर शब्द टाकत नाहीत. शब्द तिसऱ्या माणसाच्या हाती देतात. तो माणूस ते नेऊन देतो. माझ्या घरी हे काम माझ्याकडे होतं."

आधी हसू पिकलं. लोकांना वाटलं, विनोद. तीही हसली, कारण तिला वाटलं, लोकांना पटलं. मग तिने करून दाखवलं. कमरेवर हात, नाकातून उसासा — "त्यांना सांग, वॉशर खिशात ठेवून नळ बंद होत नाही." मग खांदे पाडून — "तिला सांग, मला बस काढायचीय." सभागृह लोटपोट. बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. शेजारणीने माझा हात दाबला, तेव्हा मला कळलं की तिला हसू येत नाहीये.

ती पुढे म्हणाली, "पण काही शब्द जड असतात. एकदा त्यांनी एक प्रश्न दिला होता, लेकीबद्दल. तो मला फार जड वाटला. मी तो दारात थोडा वेळ धरून उभी राहिले."

हसणं हळूहळू थांबलं.

"मी आता जाणार. माझी शाळेला विनंती आहे, त्या घरी दुसरी मुलगी लवकर पाठवा. नाहीतर चहा झाला हे काकूंना कोण सांगेल?"

एक टाळी नाही. बाई उठल्या, मग बसल्या. पोरगी स्टेजवर एकटी, आपलं काय चुकलं ते शोधत आमच्याकडे बघत होती. इतके आठवडे आमच्या घरी राहून तिला वाटलं की आपल्याकडे सगळेच असे राहतात. सगळ्या घरांत असा एक निरोप्या असतो.

मी मान वळवली तर तो सरळ माझ्याकडे बघत होता. चेहरा कागदासारखा. किल्ल्या मुठीत अशा आवळलेल्या की बोटं पांढरी. वर्षभरात असं पाहिलं नव्हतं माझ्याकडे. मीच नजर काढली. काय बघायचं? मी काही त्याला माफ करायला तिथे गेले नव्हते. शंभर माणसांसमोर माझ्या संसाराची लक्तरं टांगली गेली, ती त्याच्या हट्टामुळे. आणि माझ्या, असं म्हणणारे म्हणोत. म्हणू देत!

परतताना त्याच्याच बसमध्ये बसावं लागलं. सगळी कुटुंबं खिडकीबाहेर बघत. तो गाडी चालवत होता, मी शेवटच्या सीटवर. झिपरी मधे उभी राहिली, दांडी धरून. एकदा त्याच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे. कुणीच तिला काही दिलं नाही.

१४ मार्च, शनिवार

गेली.

सकाळी तिची बॅग दाराशी. तो ती बसमध्ये ठेवायला आलेला. मला आजचाच दिवस होता, नंतर सांगणारं कुणी नव्हतं. म्हणून मी पोरीला म्हटलं, "त्यांना सांग, गुरुवारी मी लेकीकडे जातेय. कायमची."

पहिल्यांदाच ती लगेच वळली नाही. माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, सांग. मग वळली. कमरेवर हात ठेवला नाही, उसासा सोडला नाही. अगदी हळू म्हणाली, "बाबा, काकू गुरुवारी लेकीकडे जातात. कायमच्या."

त्याने बॅग खाली ठेवली. "तिला सांग," तो म्हणाला. आणि पुढे काही नाही. तोंड उघडलं, मिटलं. मग बॅग उचलली आणि बसकडे गेला.

झिपरी माझ्याकडे वळली. डोळे भरलेले. "काकू, त्यांनी पुढचं दिलंच नाही."

मी म्हटलं, "असू दे. जा तू, उशीर होईल." चेन गळ्यापर्यंत ओढून दिली तिची. बाहेर गारठा होता. मग तिला जवळ घेतली का? घेतली. कुणी बघत नव्हतं.

१५ मार्च, रविवार

रविवार नव्हे, वाळवंट. घरात घड्याळाचा आवाज येतो हे विसरले होते.

जेवताना तो तिच्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून, "तिला..." एवढं म्हणाला आणि थांबला. मीही सवयीने तिकडेच पाहिलं. दोन म्हातारी येडी!

लेकीच्या खोलीतला आरसा पुसायला गेले तर वरच्या कोपऱ्यात खडूने लिहिलेलं एक काकू राहून गेलंय. पुसलं नाही. हात पोचला नाही, इतकंच.

१६ मार्च, सोमवार

गिऱ्हाइकांना कळवलं, नवीन काम घेत नाही. एकीने विचारलं, कुठे जाताय? म्हटलं, लेकीकडे. ती म्हणाली, किती दिवस? मी काजाचा दोरा तोडला.

शेजारीण चहा घेऊन आली. म्हणाली, "बघा हो, एकदा विचार करा." मी म्हटलं, विचार त्यांनी करायचाय. मोबाइल त्यांच्या खिशात आहे, हातापासून वीतभर लांब. ती जाताना दाराशी म्हणाली, "त्यांना लेकीशी काय बोलायचं ते सुचत नसेल." वर्षभर सुचत नाही? कसला माणूस तो.

१७ मार्च, मंगळवार

आज चहा झाला. वास आला. पण चमचा वाजला नाही आणि हाकही नाही. मी मशीनवर बसून वाट बघत होते — म्हणजे वाट नाही, काम करत होते. उठून गेले तेव्हा कप ओट्यावर झाकून ठेवलेला आणि तो अंगणात, पाठमोरा. वर साय धरली होती. प्यायले नाही. मोरीत ओतून दिला.

१८ मार्च, बुधवार

बॅग भरून झाली. शब्द दिलेली शेवटची पँट तेवढी राहिली होती, ती मशीनवर घेतली. दुकानातला फोन वाजला. लेक. ही तिची फोन करायची वेळ नव्हे. पलीकडे ती हसतेय की रडतेय कळेना.

"आई, बाबांचा फोन आलाय. आत्ता. मला!"

मी मशीनचं चाक हाताने धरून थांबवलं. "काय म्हणाले?"

"कशी आहेस नाही, काही नाही. मी बाबा म्हटलं तर नुसता घसा खाकरला. मग म्हणाले, तुझ्या आईला सांग, चहा झालाय."

माझ्या आणि स्वयंपाकघराच्या मध्ये एक पडदा आहे. पडद्याखालून ह्यांचे पाय दिसत होते. पायांत मोजे, एक उलटा.

"आई? माझ्या दुसऱ्या फोनवर थांबलेत ते. त्यांना काय सांगू?"

म्हटलं, "त्यांना सांग, कपात ओतू नका अजून. आले."